फटफटी खोलताना

जुनी हार्ले चार-सहा महिने एका जागी उभी राहिली, की तिच्या तेलटाकीतली पातळी खाली गेलेली दिसते. फरशीवर पाहावं तर थेंब नाही. तेल गेलेलं असतं इंजिनाच्या पोटात. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत तेल इंजिनाच्या तळाशीच साठतं. इथे त्याची टाकी वेगळी, आणि तीही पंपाच्या वरच्या अंगाला. गाडी बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून पंपात एक छर्रा आणि त्यामागे एक स्प्रिंग, एवढाच बंदोबस्त. छर्‍याच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला किंवा बैठक झिजली, की तेल पाझरत पाझरत क्रँककेसमध्ये जमतं. मग बर्फ वितळल्यावर मालक मोठ्या हौसेने गाडी सुरू करतो आणि ब्रीदर पाइपातून भसाभसा तेल ओतलं जातं. शेजारीपाजारी गोळा होतात, कुणीतरी इंजिन गेल्याचा निकाल देतं आणि गाडी खोलायला पाठवली जाते. पुष्कळदा काम अर्ध्या तासाचं असतं. पंपाचं बूच काढायचं, बैठक साफ करायची, जुना छर्रा ठेवून पंचाने हलकासा ठोका द्यायचा म्हणजे बैठक पुन्हा गोल बसते, आणि नवा छर्रा टाकून बंद करायचं. त्यानंतर गाडी दर आठवड्याला चालवायची.

या शेवटच्या सूचनेवरच सगळं घोडं पेंड खातं. व्हिंटेज मोटरसायकलींच्या दुनियेत मी जेवढा वावरलो, त्यात चालवून चालवून बिघडलेल्या गाड्या कमी आणि जपून जपून बिघडलेल्या जास्त पाहिल्या. ऑईल सील वाळतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो, टाकी आतून गंजते, बॅटरी मरते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात. रिस्टोरेशन या भारदस्त नावाखाली जो खर्च होतो, त्यातला मोठा वाटा हा न वापरल्याचा दंड असतो.

ज्या गाडीच्या निमित्ताने हे लिहितो आहे, ती १९७२ सालची हार्ले-डेव्हिडसन एफएलएच इलेक्ट्रा ग्लाइड. मालक मूळचे कोल्हापूरचे, आता शिकागोच्या एका उपनगरात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं काम, त्यामुळे शाळेच्या दप्तराआधी त्यांच्या हातात व्हर्नियर आला. नोकरी आयुष्यभर मशीन टूल्सची. निवृत्तीनंतर विस्कॉन्सिनमधल्या एका शेतावरच्या कोठारातून त्यांनी ही गाडी उचलली. गवताच्या गंज्यांमागे वर्षानुवर्षं उभी होती. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला होता. हिवाळाभर मी त्यांच्या गॅरेजात जात-येत राहिलो, कधी बल्ब धरायला, कधी नुसताच चहाला.

इलेक्ट्रा ग्लाइड हे नाव १९६५ साली आलं, कारण त्या वर्षी हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विनला बटणाचा स्टार्टर मिळाला. पुढच्याच वर्षी इंजिनाची डोकी बदलली. फावड्यासारख्या दिसणाऱ्या रॉकरच्या झाकणांमुळे त्याला शॉव्हेलहेड म्हणू लागले आणि ते १९८४ पर्यंत चाललं. १९६९ मध्ये हँडलवर वटवाघळाच्या पंखांसारखं फेअरिंग आलं. १९७० मध्ये जुना जनरेटर जाऊन अल्टर्नेटर आला. १९७२ मध्ये पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक मिळाला. इंजिन ७४ घन इंचांचं, म्हणजे साधारण १२०० सीसी. वजन साडेतीनशे किलोच्या घरात. रुंद सीट, मागे डिक्क्या, पायाखाली फळ्या. अमेरिकेचा एक किनारा सोडून दुसऱ्या किनाऱ्याला जायचं, तर तिकडचा माणूस या गाडीवर बसून जायचा, आणि हायवेवर वेग ओलांडला तर मागे लागणारा पोलीसही बहुधा याच घराण्यातल्या गाडीवर असायचा.

या काळातल्या हार्लेची बदनामीही मोठी आहे. १९६९ मध्ये कंपनी एएमएफ या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. हे लोक बोलिंगच्या खेळाची यंत्रंही बनवायचे, त्यावरून अजून टोमणे मारले जातात. उत्पादन वाढवलं गेलं आणि १९७३ मध्ये गाड्यांची जुळणी मिलवॉकीतून पेन्सिल्वेनियातल्या यॉर्कला हलली. तपासणीत ढिलाई आली, शोरूममध्ये उभ्या नव्या गाडीखाली पुठ्ठा ठेवावा लागतो असे विनोद झाले. अखेर १९८१ साली १३ अधिकाऱ्यांनी मिळून कंपनी परत विकत घेतली. सगळं खापर एएमएफवर फोडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. इंजिनाचा आराखडाच मुळात जुन्या पिढीचा होता. बीडाच्या सिलिंडरवर ॲल्युमिनियमचं हेड, दोघांचं तापून फुगणं वेगवेगळं, मध्ये साधं पॅकिंग. ते गळणारच. नीट हातांनी जोडलेलं शॉव्हेलहेड आजही कोरडं राहतं, आणि घाईने जोडलेलं तेव्हाही गळत होतं.

अण्णांचं इंजिन अडकलेलं होतं. किक बसत नव्हती. स्टार्टरचं बटण दाबायच्या फंदात ते पडले नाहीत, आणि कुणी पडू नये. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत पातळ तेल सोडलं आणि काही दिवस तसंच ठेवलं. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे, नखभर, पुन्हा नखभर. एका संध्याकाळी ते सुटलं. सुटल्याबरोबर सुरू करायचा मोह कुणालाही होईल. पण गंजलेल्या सिलिंडरावर रिंगा घासल्या तर रिंगाही जातात आणि सिलिंडरही. हेडं उतरवली, सिलिंडर वर उचलले आणि कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ओढून पाहिला. आत बारीकसा ठक असा आवाज आला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “संपलं. खालपतूर जायाचं आता.”

खालपर्यंत म्हणजे फ्लायव्हीलपर्यंत. या इंजिनाचा खरा जीव तिथे आहे.

हार्लेचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात बसतात, आणि दोघांचे रॉड एकाच क्रँकपिनवर. इतर कित्येक व्ही-ट्विनांत दोन रॉड शेजारी शेजारी असतात, त्यामुळे सिलिंडर एकमेकांच्या किंचित बाजूला सरकतात. ब्रिटनच्या व्हिन्सेंटचं तसं आहे. हार्लेने एका रॉडचं टोक दोन फाट्यांचं केलं आणि दुसरा त्या फाट्यांच्या मधे घातला. दोन्ही सिलिंडर अगदी एका रेषेत. ४५ अंशांचा कोन आणि एकच क्रँकपिन, यांमुळे ठिणग्यांचं अंतर सारखं येत नाही. एकात स्फोट झाल्यावर क्रँक ३१५ अंश फिरला की दुसऱ्यात होतो, आणि परत पहिल्याची पाळी यायला ४०५ अंश जावे लागतात. तो लंगडत चालल्यासारखा ठेका इथून येतो. १९९४ साली कंपनीने या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. स्पर्धकांनी हरकती घेतल्या, प्रकरण रेंगाळलं आणि २००० साली अर्ज मागे घेतला गेला.

आता क्रँक. आजच्या मोटारीत तो अखंड घडवलेला असतो. इथे तो पाच तुकड्यांचा आहे: दोन जड चाकं, मधे क्रँकपिन, बाहेर दोन बाजूंना दोन शाफ्ट. पिनची टोकं निमुळती. ती चाकांच्या निमुळत्या भोकांत घुसवून वरून नट आवळायचे. म्हणजे सगळं खोलता येतं, झिजलेला भाग तेवढा बदलता येतो. या गोष्टीवर माझा विशेष जीव जडला. रॉडच्या आतली कडी झिजली तर ती लॅपिंग पेस्टने घासून पुन्हा गोल करायची आणि तेवढे जाड रोलर घालायचे. रोलर इंचाच्या दोन दहा-हजारांशांच्या पायरीने मिळतात. इंचाच्या ज्या हजाराव्या भागाला आपल्याकडे फिटर थाऊ म्हणतो, त्याचाही पाचवा हिस्सा. कारखान्यात ज्यांनी हे आखलं, त्यांनी पन्नास वर्षांनंतरचा मिस्त्री डोळ्यांसमोर ठेवला नसेल कदाचित, पण दुरुस्ती होणार, पुन्हा पुन्हा होणार, हे गृहीत नक्कीच धरलं होतं.

जोडणीचं काम अण्णांनी स्वतः केलं नाही. मिलवॉकीच्या पश्चिमेला एक म्हातारे टूलमेकर आहेत, घराच्या तळघरात दुकान, त्यांच्याकडे नेलं. मी सोबत गेलो ते चांगलं झालं. रोलर, पिंजरे, रॉड घालून चाकं जोडली, नट ठरलेल्या ताकदीने आवळले. मग ती पूर्ण जोडी दोन अणकुचीदार सेंटरांमध्ये धरली आणि दोन्ही शाफ्टांवर एकेक डायल गेज लावला. म्हाताऱ्याने चाक सावकाश फिरवलं. एक काटा चार थाऊ हलला, दुसरा तीन. डोळ्यांना मात्र चाकं अगदी सरळ फिरताना दिसत होती. त्यांनी खडूने काठावर एक खूण केली, जोडी उचलून हातात धरली आणि तांब्याच्या हातोड्याने त्या खुणेवर दणका दिला. मी दचकलो. इतक्या नाजूक मापाच्या वस्तूवर असा घाव? पण पद्धत हीच आहे. एक चाक दुसऱ्याच्या मानाने फिरलेलं असेल तर काठावर घाव. पिनच्या समोरच्या बाजूला चाकं एकमेकांकडे झुकली असतील तर मधे पाचर. फाकली असतील तर क्लॅम्पने आवळायचं. पुन्हा सेंटरांत, पुन्हा गेज, पुन्हा घाव. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे एक थाऊपर्यंत चालतं. म्हातारे अर्ध्या थाऊच्या आत आल्याशिवाय थांबत नाहीत. मधेच त्यांनी गेज माझ्याकडे वळवून काटा दाखवला, म्हणजे मी शिकाऊ आहे हे त्यांनी ओळखलं असावं. अण्णा तोवर एका स्टुलावर बसून एकटक पाहत होते. परतीच्या वाटेवर म्हणाले, “आमच्या बापानं बी असंच केलं असतं. फक्त शिव्या जास्त घातल्या असत्या.”

हे काम बाहेरून कधीच दिसत नाही. गाडी पूर्ण झाल्यावर लोक टाकीचा रंग बघतील, क्रोमात चेहरा बघतील. फ्लायव्हील किती थाऊवर आहे हे कुणी विचारणार नाही. पण या गाडीचं इंजिन फ्रेमला थेट बोल्टांनी आवळलेलं असतं, मधे रबर नाही. ती सोय मोठ्या हार्लेला १९८० च्या टूर ग्लाइडपासून आली. त्यामुळे आतली थोडी चूक हँडलला, आरशाला, कण्याला कळते. बोल्ट ढिले होतात, वायरी तुटतात, हेडलाइटची तार तुटते. दोनशे किलोमीटरांनंतर हात बधिर झाले की मग रंगाचं कौतुक राहत नाही.

वरच्या भागाचं काम तुलनेने सरळ होतं. सिलिंडर बोअर करून एक माप वरचे पिस्टन, होनिंग, नव्या रिंगा. हेडमध्ये व्हॉल्व्हचे गाइड सैल झाले होते, शॉव्हेलहेडचं हे जुनं दुखणं. तेल गाइडमधून खाली उतरतं आणि गाडी निळा धूर सोडते. एक्झॉस्टच्या सीटा कडक धातूच्या बसवल्या. जुन्या पेट्रोलात शिसं असायचं आणि त्याचा पातळ लेप व्हॉल्व्ह-सीटला सांभाळायचा. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना ते पेट्रोल बंद झालं, भारतात २००० साली. आता इथेनॉलचं नवं झेंगट आहे. जुनी रबरं, फ्लोट, होसपाइप त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. बेंडिक्सचा कार्बोरेटर अण्णांनी खोलला तेव्हा तळाशी हिरवट-पांढरी साय होती. उपाय महागडा नाही: इथेनॉल सोसणारी रबरं घाला आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

इग्निशनवरून मात्र आमचं वाजलं. या गाडीत डिस्ट्रिब्युटरच नाही. एक पॉइंट, एक कॉइल, आणि दोन्ही प्लगांत एकदम ठिणगी. ज्या सिलिंडरला गरज असते तिथे ती कामाला येते, दुसऱ्यात वाया जाते. कॅमवर दोन उंचवटे, एक अरुंद, एक रुंद. अरुंद तो पुढच्या सिलिंडरचा. हे न कळल्यामुळे टायमिंग चुकवून बसलेले बहाद्दर पुष्कळ आहेत. पॉइंटची फट १८ थाऊ. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक बसवा की, झाकणाखाली कुणाला दिसतंय. अण्णांनी ऐकलं नाही. इलेक्ट्रॉनिक गेलं की ट्रक बोलवावा लागतो. पॉइंट काळे पडले तर रस्त्याच्या कडेला बसून कानस मारता येते, असं त्यांचं म्हणणं. मला अजूनही वाटतं की रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक घालावं. पण गाडी त्यांची.

रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच झाली. अमेरिकेत १९५४ पासून अँटिक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिका ही संस्था आहे. तिच्या परीक्षणात ३५ वर्षांहून जुनी गाडी ठेवता येते, आणि कसोटी एकच: कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशी आहे का? शंभरातून गुण कापत जातात. नवशिका रिस्टोरर इथे फसतो. त्याने दिसेल त्या बोल्टाला क्रोम चढवलेलं असतं. मुळात त्यातले कितीतरी कॅडमियम चढवलेले, राखाडी, निस्तेज असायचे. नव्यापेक्षाही नवी दिसणारी गाडी तिथे मार्क गमावते, हे मला फार आवडलं.

मिलवॉकीतल्या हार्लेच्या संग्रहालयात, जे २००८ साली उघडलं, याचं टोकाचं उदाहरण ठेवलेलं आहे. २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीत २००४ सालची एक नाइट ट्रेन मोटरसायकल तिच्या कंटेनरसकट समुद्रात गेली आणि पुढच्या वर्षी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर सापडली. कंपनीने ती दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली. मालकाच्या घरची माणसं त्या आपत्तीत गेली होती. त्याने नकार दिला आणि ती आहे तशीच संग्रहालयात ठेवायला सांगितली. गंजाने खाल्लेली, मिठाने पोखरलेली ती गाडी आजही तशीच उभी आहे. तिला हात न लावणं हेच बरोबर होतं. पण ती अपवाद आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवून आपल्या आळसाला ‘पॅटिना’, म्हणजे काळाने चढलेली झाक, म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

अण्णांनी टाकीचा मूळ रंग ठेवला. एका बाजूला ओरखडे आहेत, मागच्या मडगार्डवर पोचा आहे. आतलं सगळं नवं किंवा नव्यासारखं. हा निर्णय मला मान्य आहे.

हार्ले आपल्याला परकी वाटते, पण या घराण्याने भारतात फार हलाखीचे दिवसही काढलेत. दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सैन्यासाठी डब्ल्यूएलए जातीच्या सुमारे ९० हजार गाड्या बनवल्या. ४५ घन इंचांचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, तीन गिअर, ते हाताने बदलायचे आणि क्लच पायाने दाबायचा. युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी हार्ले आणि ‘इंडियन’ या कंपनीच्या गाड्यांचा पुढचा भाग ठेवून मागे बाकं जोडली गेली आणि दिल्लीत कॅनॉट प्लेस ते लाल किल्ला अशी फटफट सेवा सुरू झाली. पुढे काहींत डिझेल इंजिनंही बसली. १९९८ च्या सुमारास प्रदूषणाच्या कारणावरून ती बंद झाली. ज्या इंजिनांसाठी आज परदेशात लिलाव होतात, ती तिथे पन्नास वर्षं सवाऱ्या ओढत होती, आणि त्यांना चालू ठेवणाऱ्या मिस्त्रींकडे ना कंपनीचं पुस्तक होतं ना अस्सल भाग. गल्लीतल्या लेथवर बुश कातायचे आणि संध्याकाळी गाडी पुन्हा रांगेत. रिस्टोरेशनचा इतिहास कुणी नीट लिहिला तर त्यांचा उल्लेख पहिल्या पानावर हवा.

आपल्याकडे आता व्हिंटेज गाड्यांसाठी नियमही आहेत. २०२१ साली केंद्राने ते जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. आणि अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच परवानगी. पहिली अट योग्य आहे, फक्त दुरुस्ती आणि फेरफार यांतला फरक आरटीओतल्या माणसाला कळला पाहिजे. फ्लायव्हीलमध्ये नवे रोलर घालणं म्हणजे इंजिन बदलणं नव्हे. दुसऱ्या अटीचा हेतू समजतो, पण देखभालीसाठी म्हणून का होईना, आठवड्याला वीस-तीस किलोमीटर गाडी हलली पाहिजे, ही सवलत मालकांनी पुरेपूर वापरावी.

विकत घ्यायला निघालेल्यांसाठी एक सावधगिरी. १९७० पासूनच्या हार्लेला फ्रेम आणि इंजिन दोन्हींवर एकच नंबर असतो. १९७२ च्या एफएलएचचा ‘२ए’ने सुरू होतो आणि ‘एच२’ने संपतो. त्याआधीच्या गाड्यांना नंबर फक्त इंजिनावर. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांच्या पोटाखालीही जुळणीचे आकडे कोरलेले असतात, आडवं पडून, टॉर्च मारून ते वाचावेत. आकडे घासलेले दिसले तर रंग कितीही झकास असो, पैसे खिशातच ठेवावेत.

आणि ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात वडिलांची जावा, राजदूत किंवा बुलेट ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी हार्लेची वाट बघू नये. या दिवाळीच्या सुट्टीत ताडपत्री काढा. जुनं पेट्रोल ओतून द्या, प्लग काढा, सिलिंडरात चमचाभर तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग किकवर हळूच वजन टाकून बघा. इंजिन फिरलं तर जवळचा म्हातारा मिस्त्री शोधा. तो असेपर्यंतच हे काम स्वस्त आहे. रंगाऱ्याला सगळ्यात शेवटी बोलवा.